आतला चेंडू

“अरे, कोणी उभं राहणार आहे की नाही?” बिएन्वेने तिसऱ्यांदा विचारलं.

आंब्याच्या सावलीत बेसबॉलच्या बॅटा घेऊन बसलेल्या सहा-सात जणांपैकी कोणीच हललं नाही. एकाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. दुसरा म्हणाला, “माझी पाठ धरलीय, मामा.”

“काल नाचताना तर बरी होती.”

“म्हणूनच धरली.”

सगळे हसले, पण उगीच हसल्यासारखे. मैदानाच्या मधे, मातीच्या उंचवट्यावर रादामेस फेब्लेस चेंडू हातात फिरवत उभा होता. आपल्याला काही ऐकूच येत नाही असा त्याचा चेहरा होता. एकवीस वर्षांचा, ताडमाड, लांब हातांचा. तीन आठवड्यांपूर्वी इथेच त्याच्या चेंडूने एउसेबियो नावाच्या फलंदाजाचा जबडा मोडला होता. तो आवाज पार साखर कारखान्याच्या फाटकापर्यंत गेला असं लोक सांगत. ते खरं नसेल, पण सावलीत बसलेल्या प्रत्येकाने तो ऐकला होता.

तारेच्या जाळीमागे घडीच्या खुर्चीवर आन्सेल्मो काब्रेहा बसला होता. मांडीवर वही, हातात वेग मोजायचं यंत्र. गेली बावीस वर्षं तो एका अमेरिकन क्लबासाठी खेळाडू हेरत होता. पूर्वेकडच्या उसाच्या वस्त्यांतलं असं एकही मैदान नव्हतं जिथे त्याची ही खुर्ची लागली नव्हती. त्याने हेरलेल्यांपैकी चौघे वरच्या लीगपर्यंत पोचले होते. बाकीच्यांबद्दल तो वहीत थोडक्यात लिही. फलंदाज असेल तर पुष्कळदा एकच शब्द असे: घाबरतो. तो हे इतक्या लवकर कसं ओळखतो हे त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं.

“चेमो, जरा थांब,” बिएन्वे जाळीजवळ येऊन म्हणाला. दोघे तरुणपणी एका संघात होते, आन्सेल्मोला तो तेव्हापासून चेमोच म्हणे. आता बिएन्वे या मैदानावर पोरं तयार करी. “फलंदाज नाही तर नाही. आपण दुसरं काहीतरी करू.”

त्याने कुठूनसा एक झाडू आणला, त्याची दांडी मातीत रोवली आणि वर आपली टोपी अडकवली. “हा घ्या. याला आई नाही, बायको नाही, कोणी रडणार नाही.”

रादामेसने हात मागे नेला. चेंडू सुटला आणि झाडूमागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात बंदुकीसारखा वाजला. यंत्रावर ताशी शहाण्णव मैल. पुढचा सत्त्याण्णव, झाडूच्या अगदी जवळून, कमरेच्या उंचीवर. तिसरा त्याहून जवळून. टोपी नुसती वाऱ्याने हलली. आन्सेल्मो सरसावून बसला. असा आतला चेंडू, फलंदाजाच्या अंगाजवळून जाणारा, त्याने इथे बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. एकवीस म्हणजे या धंद्यात म्हातारंच, सोळाव्या वर्षी पोरांचे करार होतात. पण या हाताकडे बघून क्लबवाले वय विसरले असते.

“आता माणूस हवा,” आन्सेल्मो म्हणाला.

बिएन्वेने पाठ धरलेल्याला दंडाला धरून उठवलं. त्याने हेल्मेट घातलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि फलंदाजाच्या जागेवरच्या पांढऱ्या प्लेटपासून इतका लांब उभा राहिला की त्याच्या बॅटला काहीच लागलं नसतं.

रादामेसने टाकलेला चेंडू चार फूट बाहेरून गेला. कॅचर आडवा पडला. दुसरा त्याहून बाहेर. तिसरा प्लेटच्या अलीकडे मातीत आपटला आणि उसळून जाळीवर, बरोबर आन्सेल्मोच्या तोंडासमोर आदळला.

आन्सेल्मो खुर्चीसकट मागे सरकला. जाळी होती. चेंडू तिथेच खाली पडला होता. तरी त्याच्या जिभेवर पत्र्याची चव आली आणि डाव्या गालाचं हाड थंड पडलं. त्याने आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. त्याने खिशातली लवंग काढून दाढेखाली धरली आणि वहीत लिहिलं: ‘घाबरतो.’ पिचरबद्दल, चेंडू टाकणाऱ्याबद्दल, हा शब्द त्याने पहिल्यांदाच लिहिला होता.

*

छत्तीस वर्षांपूर्वी, एप्रिलात, अमेरिकेतल्या एका थंडगार गावात आन्सेल्मो प्लेटजवळ उभा होता. वय सव्वीस. वरच्या लीगला एकच पायरी उरली होती. या मोसमात तुला बोलावणारच, असं सगळे म्हणत. हवेत इतका गारठा होता की बॅट हातात काचेसारखी लागत होती. समोर वेंडेल क्रूगर नावाचा शेतकऱ्याचा पोरगा चेंडू टाकत होता. पांढऱ्या भुवया, लाल कान. आन्सेल्मोला चेंडू दिसला, मोठा होत होत आलेला दिसला, आणि मग त्याला आपल्याच डोक्यातून नारळ फुटल्याचा आवाज आला.

जबडा वाचला, डोळा वाचला, गालाचं हाड मात्र तीन ठिकाणी मोडलं. तिसऱ्या दिवशी वेंडेल इस्पितळात आला. हातात संत्र्यांची पिशवी होती. तो खाटेजवळ उभा राहून काहीतरी बोलत राहिला, सारखं तेच तेच. आन्सेल्मोला भाषा येत नव्हती, पण काय म्हणतोय ते समजत होतं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. वेंडेल बराच वेळ उभा होता. नंतर पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं दूर गेली.

जुलैत आन्सेल्मो पुन्हा मैदानावर उतरला. पहिला चेंडू यायच्या आधीच त्याचा डावा पाय मागे सरला. त्याने सरकवला नव्हता. तो आपला आपण सरला. दुसऱ्या चेंडूलाही तेच. महिनाभर तो त्या पायाशी भांडला. बुटात चोळामोळा केलेला कागद घातला, टाच मातीत पुरली, देवाला नवस बोलला. साठ फुटांवरून चेंडू सुटला की पाय पळालाच. व्यवस्थापकाने दुभाष्याला पुढे करून विचारलं, “डोळ्याला काही झालंय का?” आन्सेल्मोने मान हलवली. हो, डोळ्याला अंधुक दिसतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात काही दोष नाही. पण ते कागद कोण वाचतो? ऑगस्टात त्याला घरी पाठवलं. त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक झालं की आन्सेल्मो काब्रेहाला डोळ्याने दगा दिला, नाहीतर तो कुठल्या कुठे गेला असता. हे बायकोलाही, नेरेइदालाही, त्याने असंच सांगितलं.

मग तो शिकवायला लागला. बरी नोकरी होती, पण सामन्याच्या वेळी त्याला पहिल्या बेसजवळ उभं राहावं लागे, उघड्या डोक्याने, फलंदाजापासून नव्वद फुटांवर. प्रत्येक सामन्याआधी तो पत्र्याच्या शेडमागे जाऊन ओकत असे. पोटाचा विकार आहे, असं सांगे. लवंगेची सवय तेव्हाची. बारा वर्षं त्याने असे दिवस काढले. स्काउटाची, खेळाडू हेरायची, नोकरी चालून आली तेव्हा पगार किती हेही त्याने विचारलं नाही. त्यात जाळीमागे बसायचं होतं.

शिकवत होता त्या काळात एकदा जुना सहकारी भेटला. बोलता बोलता त्याने सांगितलं, “तो क्रूगर आठवतो? तुला मारलं त्यानंतर त्याला चेंडूच टाकता येईना. सगळे बाहेर, नाहीतर मातीत. पुढच्या उन्हाळ्यात सोडून गेला. धान्याच्या कोठारावर काम करतो म्हणे.” तेव्हा आन्सेल्मोला बरं वाटलं होतं. चांगले दोन दिवस बरं वाटलं होतं. त्यानंतर मात्र ते आठवलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जाई.

*

रादामेस पाणी प्यायला जाळीजवळ आला. जवळून तो उंचवट्यावर दिसत होता त्यापेक्षा लहान वाटत होता.

“मास्तर, लिहून टाकलंत ना?” त्याने विचारलं. “लिहा. मलाही ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“समोर माणूस आला की हात माझा राहत नाही. झाडू असेल तर असतो.” तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. “आई म्हणते, दुकान काढू. कोंबड्या विकू. बरोबरच आहे तिचं.”

“त्या मुलाला भेटलास का?”

“एउसेबियोला? दर रविवारी जातो. त्याची आई दारातून आत घेते, खुर्ची देते. तो आतल्या खोलीत असतो. मी आलो की भिंतीकडे तोंड करून पडतो.” त्याने बाटलीचं बूच लावलं, पुन्हा काढलं. “त्याने एक शिवी दिली असती तरी चाललं असतं, मास्तर. पण तारांनी जबडा बांधलाय, शिवी तरी कशी देणार?”

आन्सेल्मोने वहीतल्या त्या शब्दाकडे पाहिलं. मग यंत्र खुर्चीवर ठेवलं, वही त्याच्यावर ठेवली आणि उठला. आपण काय करतोय हे त्याला ठरवावं लागलं नाही. ठरवत बसला असता तर तो गाडीत जाऊन बसला असता.

जाळीला वळसा घालून तो मैदानात आला. “हेल्मेट दे,” तो पाठ धरलेल्याला म्हणाला.

सावलीतली पोरं उभी राहिली. “मास्तर, विमा उतरवलाय ना?” एकाने ओरडून विचारलं.

बिएन्वे धावत आला. “चेमो, ऊन लागलंय का तुला? बासष्ट वय तुझं! आणि डोळा? अंधुक डोळ्याने शहाण्णवचा चेंडू बघणार तू?”

“डोळा चांगला आहे.”

“काय?”

“डोळ्याला कधीच काही झालं नव्हतं,” आन्सेल्मो म्हणाला. तोंडातली लवंग त्याने थुंकली. “मी भ्यायलो होतो. बाजूला हो.”

बिएन्वे बाजूला झाला नाही, नुसता बघत राहिला. शेवटी आन्सेल्मोच त्याला वळसा घालून पुढे गेला.

हेल्मेटला दुसऱ्याच्या घामाचा वास होता. बॅट आठवणीपेक्षा जड होती. त्याने प्लेटजवळच्या मातीत पाय ठेवले. उंचवटा फार जवळ होता. इतकी वर्षं जाळीमागून तो लांब दिसायचा. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तो आवाज पुन्हा येणार, आणि या वेळी आपण उठणार नाही.

“टाक,” तो म्हणाला. आवाज चिरकला.

“मास्तर, नको.”

“टाक म्हणतो ना!”

चेंडू पाच फूट बाहेरून गेला. तरी आन्सेल्मोचा डावा पाय मागे पळाला, भलं मोठं पाऊल टाकत, नाचात पळतो तसा. सावलीतून कोणीतरी फिस्सकन हसलं.

त्याने पाय परत जागेवर आणला. “आत टाक.”

दुसरा बाहेर, तिसराही बाहेर. पाय पुन्हा पळाला. आता कोणी हसलं नाही. आपण काय बघतोय ते त्यांना हळूहळू उमगत होतं. त्यांच्यापैकी प्रत्येकाबद्दल हाच माणूस आपल्या वहीत शेरे मारून गेला होता.

“माझ्याकडे बघ,” आन्सेल्मो म्हणाला. “चेंडूकडे नको, हातमोज्याकडे नको. दिसतंय ना, मी कसा थरथरतोय? मी काही एउसेबियो नाही. त्याला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक आहे. ठाऊक असून आलोय. आत टाक.”

रादामेसने बाहीने तोंड पुसलं. चौथा चेंडू प्लेटवरून गेला. पाचवा आत आला, झाडूजवळून गेला होता तसा, छातीसमोरून सणसणत. आन्सेल्मोने डोळे मिटले होते. हातमोज्यातला आवाज ऐकल्यावर त्याने ते उघडले. पाय मागे गेलेलाच होता. तो परत आणून त्याने जागेवर रोवला.

“असाच,” तो म्हणाला.

सहावा चेंडू हातातून घसरला. सुटतानाच रादामेस ओरडला. आन्सेल्मोने चेंडू पाहिला, मोठा होत येताना पाहिला, आणि अंग आपोआप वळलं. चेंडू डाव्या बगलेखाली, बरगड्यांवर बसला. श्वास गेला. आकाश, आंबा, माती हे सगळं एकदा फिरलं आणि माती गालाला लागली.

प्रथम पोचला तो रादामेस. तो मातीत गुडघ्यांवर बसला होता आणि सारखं तेच म्हणत होता, “माफ करा, मास्तर, माफ करा, माफ करा.” त्याचे कान लाल झाले होते.

आन्सेल्मोला बोलता येत नव्हतं. श्वास घेतला की आत सुरी फिरत होती. तो कुशीवर वळला, पोराकडे तोंड करून. त्याने त्याची मान पकडली आणि चेहरा जवळ ओढला. किती वेळ गेला कोण जाणे. सगळे भोवती जमले होते, बिएन्वे देवाला आणि चेमोला आलटून पालटून शिव्या देत होता. श्वास थोडा परतला तेव्हा आन्सेल्मो म्हणाला, “मेलो नाही. बघ. मेलो नाही.”

“नाही, मास्तर.”

“मला उठव.”

“आता बस झालं!” बिएन्वे ओरडला. “गाडी काढतो, दवाखान्यात—”

“एक राहिलाय.”

उठायला दोघांचा आधार लागला. बॅट त्याला उचलता येईना, तेव्हा ती नुसती टेकून तो उभा राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात वर जात नव्हता. धीर वगैरे काही आला नव्हता. उलट आता चेंडू कसा लागतो ते ताजं ठाऊक होतं.

रादामेस उंचवट्यावर गेला. बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. मग हात मागे नेला.

चेंडू आत आला, कोपरापासून चार बोटांवरून, आणि हातमोज्यात वाजला. कॅचरने हातमोजा होता तिथेच धरून ठेवला, हलवला नाही.

आन्सेल्मोचा पाय पळाला होता. अर्धं पाऊल.

*

दवाखान्यात नर्सने फॉर्म भरायला घेतला. “दोन बरगड्या. पडलात की कोणी मारलं?”

“मी मारलं,” रादामेस म्हणाला.

नर्सने त्याच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. “पोलिसांना कळवायचं?”

“कळवा,” आन्सेल्मो दबक्या आवाजात म्हणाला. हसलं की दुखत होतं. “सांगा, सत्त्याण्णव मैल.”

नेरेइदा आली ती डोक्यावरचा रुमाल सोडतच. तिने नवऱ्याला काही विचारलं नाही, बिएन्वेने तिला वाटेतच सगळं सांगितलं होतं. ती बाकावर बसली. “छत्तीस वर्षं मी तुझ्या डोळ्यासाठी गाजर शिजवतेय,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

त्या संध्याकाळी त्याने बिएन्वेकडून वहीतला शब्द खोडून घेतला आणि अहवाल सांगून लिहवून घेतला. क्लबाने रादामेसला घेतलं. तो तिथे तीन मोसम खेळला, वरच्या लीगपर्यंत काही पोचला नाही. खांदा गेला आणि तो घरी परतला. आज तो बिएन्वेच्या मैदानावर पिचर तयार करतो. आन्सेल्मोची नोकरी मात्र बरगड्या मोडल्या त्याच वर्षी डिसेंबरात संपली. क्लबाने आभाराचं पत्र आणि एक घड्याळ पाठवलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या घटनेनंतर नवव्या दिवशी, छातीला पट्टा बांधून, तो प्रथमच घराबाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेला. शनिवार होता, दुकान भरलेलं. डॉमिनो खेळणारे चौघे, कॉफी पिणारे तिघे. तो आत येताच सगळे गप्प झाले आणि लगेच सगळे एकदम बोलायला लागले.

न्हाव्याने त्याला खुर्चीत बसवलं, पट्ट्याला धक्का लागणार नाही असा पांढरा कपडा अंगावर टाकला, गालांना साबण लावला.

डॉमिनोच्या टेबलावरून एकाला राहवलं नाही. “मास्तर, खरं का हो? तुमचा पाय म्हणे घोड्यासारखा पळत होता?”

कोणीतरी त्याला कोपराने ढोसलं. सोंगट्या थांबल्या.

“पळत होता,” आन्सेल्मो म्हणाला. “छत्तीस वर्षं पळतोय.”

“मग फार भ्यायला असाल.”

“फार. आत्ताही भितो. त्या मैदानाचं नाव काढलं तरी खिशात लवंग शोधतो.”

पंखा फिरत होता. टेबलावरच्या त्या माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली, जणू तिचं तिथे काही काम होतं.

न्हाव्याने वस्तरा चामड्यावर दोनदा घासला आणि त्याच्या मागे येऊन उभा राहिला.

“मान थोडी वर करा, मास्तर.”

आन्सेल्मोने मान वर केली.